आत्याची पाहुणी

संध्याकाळी आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली, की घरातली बाकीची कामं थांबत. आई नळ बंद करायची. बाबा दुरुस्तीला आलेल्या, उघडलेल्या वजनकाट्यावर फडकं टाकायचे. आत्या मांडीवर पुठ्ठ्याची पेटी घ्यायची, तिची फीत सोडायची आणि मग हाक मारायची, "पिटुकली!"

पिटुकली तेरा वर्षांची होती, पण नऊची दिसायची. आजारानं तिची उंची खाल्ली होती. त्यावरून पडलेलं हे नाव घरात, शाळेत, दवाखान्यात सगळीकडे चालायचं, आणि लाडात किंवा घाईत त्याचं पिटू व्हायचं.

पिटू खुर्चीसमोर येऊन उभी राहायची. आत्या पेटीतल्या कप्प्यांतून गोळ्या काढून एकेक करून तिच्या तळहातावर ठेवायची. पिटूनं त्या गिळायच्या आणि वर पेलाभर पाणी प्यायचं.

"जीभ."

पिटू जीभ काढायची.

"वर कर. आता गाल. हं."

मग आत्या पिटूच्या फ्रॉकवरून पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, आपला तळवा ठेवायची. तिथं कातडीखाली एक गोलसर उंचवटा हाताला लागायचा.

"काय पाहुणीबाई, बरं चाललंय ना? पाणीबिणी देते ना ही तुला? की सुकवते?"

पहिल्या दिवशी या विनोदाला सगळे हसले होते. आता कुणी हसत नसे. पण आत्या रोज तेच विचारायची, आणि तिनं तळवा उचलेपर्यंत पिटूनं हलायचं नाही असा नियम होऊन बसला होता.

त्या उंचवट्याच्या जागी आत्याची किडनी होती. वर्षापूर्वी ती पिटूच्या पोटात बसवली होती.

पिटूच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या लहानपणीच निकामी होत गेल्या होत्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की घरातल्या कुणीतरी एक द्यायला हवी. तपासण्या झाल्या. आईची जुळत होती आणि आत्याचीही. त्या दिवशी घरी आल्यावर बाबा बराच वेळ एका काट्याचं पारडं पुसत बसले होते.

"हिला एवढी रजा मिळायची नाही," आईकडे न बघता ते म्हणाले. आई एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. "हिच्या जागी दुसरी उभी राहिली की संपलं. ताईचं तसं..."

ते थांबले. आत्या सुईत दोरा ओवत होती. नवऱ्यानं दुसरं घर केल्यावर ती भावाकडे राहायला आली होती आणि पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात शिलाईचं काम करत होती.

"ताईचं तसं काय?"

"म्हणजे तुझ्यामागे कुणी नाही ना, ताई."

"मागे नाही आणि पुढेही नाही," आत्या म्हणाली. तिनं दोरा दातानं तोडला. "बरं. कापा."

दवाखान्यातल्या समितीनं रीतीप्रमाणे तिला विचारलं, की तुम्ही स्वतःच्या मर्जीनं देताय ना? "दुसऱ्याच्या मर्जीनं देता येते का?" ती म्हणाली. समितीतले लोक हसले आणि त्यांनी होकार लिहून घेतला.

जखम भरल्यावर ती कारखान्यात गेली, तर मालकानं तिला दारातच थांबवलं. एका किडनीची बाई उद्या यंत्रापाशी चक्कर येऊन पडली तर कुणी निस्तरायचं? डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद त्यानं वाचलासुद्धा नाही. आत्या घरी परतली. घरातला जाड पुठ्ठा, खळ आणि जुन्या पडद्याचं कापड घेऊन तिनं औषधांसाठी एक पेटी बांधली. कप्पे सरळ, कोपरे चोख, झाकणाला फीत. ती पेटी कारखान्यातल्या कुठल्याही वहीपेक्षा देखणी होती. त्या दिवसापासून पिटूच्या औषधांना तिच्याशिवाय कुणी हात लावला नाही.

ही औषधं कशासाठी, ते डॉक्टरीणबाईंनी पिटूला नीट समजावलं होतं. "तुझ्या शरीराला ही किडनी परकी वाटते. या गोळ्या त्याला रोज फसवतात, सांगतात की ही आपलीच आहे. गोळ्या थांबल्या, की शरीर तिला ओळखतं आणि मारायला निघतं."

"मग दुखतं?"

"सुरुवातीला काहीच कळत नाही. म्हणून तर सांगते, बरं वाटतंय म्हणून चुकवायच्या नाहीत."

आत्यानं मान डोलावली होती. पण त्याच दिवशी परिचारिकेनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. एखाद्या दिवशी तास-दोन तास उशीर झाला तर घाबरून जाऊ नका, आठवलं की लगेच द्या. आत्यानं त्यातलं उशिराचं तेवढं लक्षात ठेवलं.

एकदा पिटूनं दार आपटलं. आत्या पेटी घेऊन बसली, पण तिनं फीत सोडली नाही.

"आधी माफी माग. मग गोळी."

पिटूनं लगेच माफी मागितली. आणखी एकदा ती उलट बोलली, तेव्हा माफी मागायला जेवण होईपर्यंत वेळ घेतला. मग हे घराच्या अंगवळणीच पडलं. आई कामावरून आली की चपला काढता काढता विचारायची, "दिली का गोळी?" आणि आत्या म्हणायची, "तिच्या तोंडातून शब्द निघाला की देते. माझी वस्तू आहे ती, मलाच का तिची काळजी नाही?"

आत्यानं दिलं होतं आणि आईनं दिलं नव्हतं. आईचं द्यायचं राहिलं याचा कुणी हिशेब मागत नव्हतं, पण ऑपरेशननंतर आत्याला वाकता येत नाही असं ठरलं, आणि तेव्हापासून तिच्या पायाची नखं आई कापायची. सुटीच्या दिवशी सकाळी आत्या खुर्चीत बसायची, आई खाली फरशीवर. आत्या वर्तमानपत्र वाचायची. पलंगाखाली घरंगळलेलं बटण काढायला आत्या सहज वाकते, हे पिटूनं पाहिलं होतं. तिनं ते आईला सांगितलंही होतं. आई म्हणाली, "गप्प बस."

शाळेत पिटूला भोपळा म्हणत. गोळ्यांनी गाल फुगले होते आणि ओठांवर लव आली होती. वर्गात आजाराचं कुणाला माहीत नव्हतं. पोटात दुसऱ्याची किडनी आहे म्हटल्यावर शेजारी कुणी बसायचं नाही, म्हणून आईनंच सांगू नको म्हटलं होतं. भोपळा चालेल, असं पिटूनंही ठरवलं होतं.

मग एका दुपारी कारखान्यातल्या जुन्या बायका आत्याला भेटायला आल्या. आत्या खुलली. कपबशा चांगल्या निघाल्या. बायका खुर्च्यांवर आणि पलंगावर दाटीवाटीनं बसल्या. त्यांतल्या एकीबरोबर तिची मुलगी होती, आणि ती पिटूच्या वर्गात होती.

"तुझं कापलेलं दिसतं का गं अजून?" एकीनं विचारलं.

"माझं काय बघता! माल जिथं आहे तिथलं बघा. पिटुकली, इकडे ये. फ्रॉक वर कर."

पिटू दारात उभी होती. वर्गातली मुलगी तिच्याकडे बघत होती.

"अगं ये ना. लाजतेस काय? सगळ्या बायकाच तर आहेत."

पिटू आली नाही, तेव्हा आत्याच उठली. तिनं पिटूला दंडाला धरून खोलीच्या मध्ये आणलं आणि फ्रॉक वर केला. लांब, चकाकणारा, आत ओढल्यासारखा व्रण सगळ्यांनी पाहिला. "इथं लागते हाताला," आत्या म्हणाली. "बघ लावून, घाबरू नको. तीच मी तुमच्याबरोबर शिलाईला घेऊन बसायचे, ती आता हिच्यात राहते. पाहुणी आहे माझी." एका बाईनं दोन बोटं टेकवून पाहिली. "अगबाई, खरंच की!" वर्गातल्या मुलीनं आईच्या कुशीत तोंड घालून नाकाला बोटं लावली.

पिटूनं फ्रॉक खाली खेचला. "हवी तर परत घे," ती म्हणाली.

कपबशा वाजायच्या थांबल्या.

"काय म्हणालीस?"

"तुझी आहे ना? घेऊन जा. मला नको."

आत्या हसली, पण ते फक्त बायका जाईपर्यंत. संध्याकाळी ती खुर्चीत बसली, पेटी मांडीवर घेतली आणि फितीवर हात ठेवून म्हणाली, "माफी माग. बायकांसमोर बोललीस तशी घरातल्या सगळ्यांसमोर माग."

पिटू भिंतीला टेकून उभी राहिली.

"ऐकलंस का?"

"तूच फ्रॉक वर केलास."

"माझ्या पोटातली गोष्ट आहे ती! माझं पोट फाडून दिलीय! तुझ्या आईनं दिली का? बापानं दिली? तो तर माझ्यामागे कुणी नाही म्हणाला होता."

बाबांनी काट्यावरचं फडकं काढलं आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. "मी मध्ये पडणार नाही," ते म्हणाले. "तुम्हा दोघींचं आहे ते. पारड्यात आपण हात घातला तर काटा चुकतो."

त्या संध्याकाळी गोळी मिळाली नाही. सकाळी शाळेची घाई होती, म्हणून आत्यानं काही न विचारता दिली. पण संध्याकाळी पुन्हा पेटी आणि पुन्हा भिंत. सकाळची गोळी मिळायची आणि संध्याकाळची अडायची, असं सुरू झालं. आत्याची खात्री होती, की पोरगी आज ना उद्या वाकेल. आईची खात्री होती, की ताई काही झालं तरी स्वतःची किडनी वाया जाऊ देणार नाहीत. आणि पिटूनं जे पाहिलं ते कुणीच पाहिलं नव्हतं. काहीही होत नव्हतं. पोट दुखत नव्हतं, ताप नव्हता. उलट गाल जरा उतरले होते, आरशात हनुवटी दिसायला लागली होती. व्रणाची बातमी वर्गात पोचली होती आणि तिच्या शेजारचं बाक रिकामं झालं होतं, पण भोपळा म्हणणं मात्र कमी झालं होतं.

आईनं तिला स्वयंपाकघरात गाठलं. "बाळा, एक शब्द म्हणायचाय. चुकलं म्हण. तोंडाला काय लागतं?"

"तूच म्हण की मग."

हे ती रागानं बोलली होती. पण आई खरंच गेली. पिटूनं दाराच्या फटीतून पाहिलं. आई लाँड्रीतून आठ तास उभी राहून आली होती. साडीचा पदर अजून खोचलेलाच होता. ती खुर्चीसमोर खाली बसली.

"पोर आहे ताई. तिच्या वतीनं मी मागते."

"तू कशाला मागतेस? तू काय केलंस? तू तर काहीच केलं नाहीस," आत्या म्हणाली, आणि 'काहीच' वर जरा थांबली. "बरं, खाली बसलीच आहेस तर तेवढं अंगठ्याचं नख बघ. मोज्यात अडकतंय."

आईनं नख कापलं. मग आत्यानं पेटीची फीत सोडली आणि गोळ्या आईच्या तळहातावर ठेवल्या.

आईनं त्या स्वयंपाकघरात आणल्या. पिटूनं तोंडात घातल्या, पाणी प्यायली. इथं जीभ बघायला कुणी नव्हतं. आई भांड्यांकडे वळली, तेव्हा पिटूनं गोळ्या मोरीत थुंकल्या.

पुढे संध्याकाळी असंच चालायला लागलं. आई खाली बसायची. कधी नख, कधी टाचेला तेल, कधी नुसतंच "बस जरा वेळ." मग गोळ्या मिळायच्या, आणि त्या मोरीत जायच्या. एकदा मोरीच्या जाळीवर एक अर्धी विरघळलेली पांढरी गोळी राहिली. आईनं ती पाहिली. पिटूनं आईला पाहताना पाहिलं. तेवढ्यात बाहेरून आत्याच्या पावलांचा आवाज आला. आईनं बोटानं गोळी जाळीतून खाली ढकलली आणि नळ मोठा सोडला.

"चहा टाकतेस का गं?" दारातून आत्यानं विचारलं.

"टाकते, ताई."

त्यावर मायलेकी एकमेकींशी काही बोलल्या नाहीत, नंतरही नाही. आईला वाटलं, एखादीच असेल. तसं वाटून घेणं तिला परवडत होतं. दुसरं काही वाटलं असतं तर आत्यासमोर बोलावं लागलं असतं.

दवाखान्याची तारीख आधीच ठरलेली असायची. ती जवळ आली, की आत्या आपोआप विरघळायची. "डॉक्टरांसमोर मला खाली बघायला लावू नको," म्हणत ती स्वतःच्या हातानं सकाळ-संध्याकाळ गोळ्या द्यायची, जीभ बघायची, माफीचं नाव काढायची नाही. पिटूही त्या दिवसांत निमूट गिळायची. तिलाही डॉक्टरीणबाईंसमोर खाली बघायचं नव्हतं. त्यामुळे रक्तात औषधाचं प्रमाण दरवेळी हवं तेवढंच निघायचं.

"छान," डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या. बाहेर बाकांवर माणसं खोळंबली होती. "क्रिएटिनिन मात्र जरा वर आहे. पाणी कमी पितेस का? गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

प्रश्न पिटूला होता. पिटूनं आत्याकडे पाहिलं.

"माझ्या हातानं देते," आत्या म्हणाली. "जीभ बघितल्याशिवाय सोडत नाही."

"अशी आत्या प्रत्येक मुलाला मिळाली तर आमचं अर्धं काम कमी होईल."

आत्याचा चेहरा उजळला. तसं कौतुक तिचं कुठंच होत नव्हतं. घरी येताना ती पिटूशी गोड बोलली, आणि घरी आल्यावर पेल्याऐवजी तांब्या भरून ठेवला. "पी. पाहुणीला सुकवतेस म्हणून डॉक्टर मलाच बोलल्या. पी सगळं."

पिटूनं तांब्या संपवला. पोट डब्ब झालं. दोन दिवसांनी संध्याकाळी पुन्हा पेटीवर हात आला. "हं. त्या बायकांसमोरचं अजून राहिलंय."

पावसाळ्याच्या शेवटी शेवटी पिटूच्या पापण्या सकाळी सुजलेल्या दिसायला लागल्या. मग मोज्याचा वळ पायावर दिवसभर राहू लागला. बाबांनी तिला आपल्या चांगल्यातल्या काट्यावर उभं केलं, काटा दोनदा तपासला आणि म्हणाले, "वाढलीय की! अंगाला लागतंय." मग एका सकाळी तिला ताप भरला. आत्यानं सवयीनं उजव्या बाजूला तळवा ठेवला, आणि पिटू किंचाळली.

आत्यानं हात मागे घेतला. हाताखालची जागा टणक आणि गरम लागली होती. "अगं ए," ती आईला हाक मारून ओरडली, "पाहुणीला काहीतरी झालंय!"

दवाखान्यात पिटूच्या त्या उंचवट्यात सुई घालून तुकडा काढला. मग शिरेतून भारी औषधं दिली, ज्यांनी गाल पुन्हा फुगले, पहिल्यापेक्षा जास्त. काही उपयोग झाला नाही. शरीरानं परकीला ओळखलं होतं आणि बरेच दिवस गुपचूप आपलं काम केलं होतं. लघवी थेंबाथेंबावर आली, मग तीही थांबली. पिटू परत डायलिसिसच्या खोलीत आली, जिथून दीड वर्षापूर्वी तिला टाळ्या वाजवून निरोप दिला होता. तेच यंत्र, तीच खुर्ची. तिथल्या परिचारिकेनं तिला ओळखलं आणि फक्त "ये" म्हणाली.

"काढून टाकणार का ती आता?" आत्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "काढलीत तर मला एकदा दाखवाल? मी बघितलेली नाही."

"नाही काढत. त्रास देत नसेल तर तिथंच ठेवतात. हळूहळू आक्रसते."

"म्हणजे मेलेली तशीच आत राहणार?"

डॉक्टरीणबाईंनी होकारार्थी मान हलवली.

आठवड्यानंतर दवाखान्याच्या समाजसेविकेनं सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. खोली लहान होती, एका कोपऱ्यात बाळांना तोलायचा काटा ठेवला होता. बाई मायाळू होत्या, पण त्यांच्यासमोर एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्यांना लिहायचं होतं. तपासणीवरून दिसत होतं, की औषधं बरेच दिवस चुकली आहेत. ती का चुकली? आईची किडनी अजून जुळत होती. ती द्यायची की नाही, हे समिती या उत्तरावरून ठरवणार होती.

"मी तर माझ्या हातानं देत होते," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. "माझीच वस्तू, मी कशी चुकवीन?"

समाजसेविका आईकडे वळली. "घरात काही अडचण होती का? औषध द्यायला कधी उशीर, काही भांडण? इथं बोललेलं इथंच राहील."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिला सगळं सांगता आलं असतं. पण आठवड्यातून तीनदा पिटूला डायलिसिसला आणायचं होतं, चार तास बसायचं होतं, परत न्यायचं होतं. लाँड्रीतून त्यासाठी सुटी मिळणार नव्हती. पिटूबरोबर येणार होती ती आत्या. आणि मोरीतली ती गोळी आईनं स्वतःच्या बोटानं ढकलली होती.

"पोरगी हट्टी आहे," आई म्हणाली. "तोंडात ठेवून थुंकायची. आम्हाला कळलंच नाही."

पिटूनं आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे पाहत होती.

"आणि तुम्ही?" समाजसेविकेनं बाबांना विचारलं.

बाबा केव्हापासून कोपऱ्यातल्या काट्याकडे बघत होते. "तुमचा हा काटा जास्त दाखवतोय," ते म्हणाले. "पारडं एका बाजूला टेकलंय. मी करून देईन."

समाजसेविकेनं शेवटी पिटूला विचारलं. वाकून, हळू आवाजात. "आई म्हणते ते खरं आहे का, पिटू?"

पिटूनं विचार केला. आईनं सांगितलं ते खोटं नव्हतं. फक्त एवढंच सांगितलं होतं.

"हो," ती म्हणाली.

बाईंनी उसासा टाकला आणि लिहिलं. समितीचं उत्तर लवकर आलं. मुलगी औषधं घेण्याच्या बाबतीत भरवशाची नाही. वर्षभर डायलिसिसवर नीट वागून दाखवलं तर आईच्या किडनीचा विचार करू.

"वर्षभर चांगलं वागायचं," रिक्षात आत्यानं पिटूला समजावलं. "मी सांगेन तसं. चांगली वागलीस की नाही हे मलाच विचारणार आहेत. माझी घालवलीस. निदान आईची तरी मिळू दे."

घरी पुठ्ठ्याची पेटी तशीच होती, पण बरेच कप्पे रिकामे झाले होते. परक्या किडनीला वाचवायच्या गोळ्या आता हळूहळू बंद होत होत्या. त्यांच्या जागी दुसरा नियम आला होता. लघवी होत नाही, म्हणून पाणी अंगात साठतं, छातीत चढतं, श्वास कोंडतो. दिवसभरात मोजकंच पाणी प्यायचं. बाबांनी एक काचेचा पेला आणून त्यावर बारीक, अचूक रेघा ओढून दिल्या. हे काम त्यांनी मन लावून केलं. दिवसाचं सगळं पाणी एका बाटलीत भरून ठेवायचं ठरलं, आणि ती बाटली कुणी सांभाळायची हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

हवा तापायला लागली होती. शाळेतून आल्यावर पिटूची जीभ टाळूला चिकटलेली असायची. थुंकी दाट व्हायची. वर्गात कुणीतरी पाणी पिताना गळ्याचा गुटगुट आवाज झाला, तर तिला फळ्यावरचं दिसेनासं व्हायचं. गोळी चुकली तर शरीराला काही कळत नसे, महिने काढता येत. तहान मात्र घटकाभरही विसरू देत नव्हती.

संध्याकाळी आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. मांडीवर पेटी, खुर्चीच्या पायाशी बाटली. आईनं नळ बंद केला. बाबांनी काट्यावर फडकं टाकलं.

"पिटुकली!"

पिटू येऊन उभी राहिली. आत्यानं सवयीनं तळवा तिच्या उजव्या बाजूला ठेवला. उंचवटा अजून होता, लहान आणि कडक. आत्यानं तो पूर्वीसारखाच चाचपला, पण पाहुणीबाईंची खुशाली विचारली नाही.

मग तिनं बाटली उचलून मांडीवर घेतली आणि टोपणावर हात ठेवला.

"त्या दिवशीचं अजून राहिलंय," ती म्हणाली. "बायकांसमोर बोललीस ते."

बाटलीतलं पाणी हललं. पिटूनं त्याच्याकडे पाहिलं.

"चुकलं," ती लगेच म्हणाली.

"मोठ्यानं. आईला ऐकू गेलं पाहिजे."

"चुकलं आत्या. मी असं बोलायला नको होतं. माझं चुकलं."

स्वयंपाकघरात आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. शहाणी झाली शेवटी पोर, असं तिला वाटलं.

आत्यानं टोपण उघडलं. पेला उजेडाकडे धरून, डोळा बारीक करून, तिनं पहिल्या रेघेपर्यंत पाणी ओतलं. एक थेंब जास्त पडला तो बोटानं काढला.

"घे," ती म्हणाली. "आणि सावकाश पी. जीभ दाखवायची आहे नंतर."